घटप्रभेचे पाणी, लाल आणि पांढरे

पावसाळा लागला की बेळगावच्या घराघरांतून एक प्रश्न निघतो, "यंदा कुठं? आंबोली की गोकाक?" आमच्या घरात हा प्रश्न कधी पडलाच नाही. माझ्या सासूबाईंचे माहेर गोकाकचे. त्यातही त्यांचे लहानपण गेले ते फॉल्सला, गिरणीच्या चाळीत. त्यामुळे धबधबा म्हटला की आमच्याकडे तो एकच. बाकीचे सगळे नुसते ओढे!

सासूबाईंना आम्ही सगळे अव्वा म्हणतो. मी शहापूरच्या मराठी घरातली. लग्नाला अठ्ठावीस वर्षे झाली आणि आता घरात कोण कोणत्या भाषेत बोलतो हे लक्षातही येत नाही. अव्वा कन्नडमध्ये विचारतात, मी मराठीत उत्तर देते आणि मुले दोन्ही भाषांत भांडतात. या पानाच्या बहुतेक वाचकांच्या घरी असेच असेल.

अव्वांच्या माहेरी एक फोटो होता. त्यांचे वडील, म्हणजे अप्पा, गिरणीच्या सूतखात्यात कामाला लागले त्या वर्षी काढलेला. डोक्याला रुमाल, अंगात कोट, खाली धोतर आणि पाठीमागे पावसाळ्यातला धबधबा. अव्वांच्या धाकट्या भावाच्या घरी, गोकाकात, तो दाराच्या समोरच्या भिंतीवर असायचा. नवी सून घरात आली की आधी तिला तो फोटो दाखवत. मलाही दाखवला होता.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये घटप्रभा आणि मार्कंडेय दोन्ही नद्या एकदम फुगल्या आणि गोकाकात पाणी शिरले. मामांच्या घरात छातीइतके पाणी होते. माणसे आधीच बाहेर पडली होती म्हणून निभावले. आठवड्याने घर उघडले तेव्हा धान्याची पोती, गाद्या, कपाट आणि तो फोटो, सगळा एकच चिखल झाला होता. फोटोची काच निघाली, आतला कागद बोटाला लागून आला. दुसरी प्रत कुणाकडेच नव्हती.

अव्वा त्यावर फार बोलल्या नाहीत. पण गेल्या वर्षी श्रावणात, भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "तू एवढे फोटो काढतीस. फॉल्सचा एक काढ की. तम्मनच्या घरात लावूया."

मी कॅमेरा हातात धरला तो हौसेने. चाळिशीनंतर शिकलेली गोष्ट, त्यामुळे उत्साह जरा जास्तच. धबधब्याचे फोटो म्हटले की माझ्या डोळ्यांसमोर कॅलेंडरवरचे ते पांढरेशुभ्र, रेशमी पाणी यायचे. ते कसे काढतात हे पुस्तकी माहीत होते. कॅमेऱ्याचे दार, म्हणजे शटर, सेकंदाचा शंभरावा भाग न उघडता एक-दोन सेकंद उघडे ठेवायचे. तेवढ्या वेळात पाणी वाहत राहते आणि फोटोत त्याची रेघ उमटते. अडचण अशी की दिवसाउजेडी इतका वेळ दार उघडे ठेवले तर फोटो पांढराफटक पडतो. आयएसओ १०० वर आणला, भिंगाचे छिद्र लहान करून एफ-११ केले, तरी ढगाळ दिवशीही शटर साधारण १/२५ सेकंदाच्या आसपास येते. छिद्र आणखी लहान, एफ-२२ केले तर चित्राचा रेखीवपणा जातो. मग एकच उपाय उरतो. कॅमेऱ्याला काळा चष्मा लावायचा.

या चष्म्याला न्यूट्रल डेन्सिटी फिल्टर, थोडक्यात एनडी म्हणतात. तो रंग न बदलता फक्त प्रकाश कमी करतो. प्रकाश निम्मा झाला की एक स्टॉप, पाव झाला की दोन स्टॉप, असा हिशोब. पाच स्टॉप म्हणजे बत्तिसावा हिस्सा. १/२५ सेकंदाच्या ठिकाणी सव्वा सेकंद मिळतो.

पुण्यात लग्नाचे व्हिडिओ काढणारा माझा भाचा म्हणाला, "मावशी, साधा एनडी घेऊ नको. व्हेरिएबल घे. कडी फिरवली की कमी-जास्त होतो." व्हिडिओवाल्यांना त्याचा फार उपयोग. त्यांना सेकंदाला २५ चित्रे घ्यायची तर शटर १/५० वर बांधून ठेवावे लागते. मांडवातून अंगणात आले, ऊन-सावली झाली, तरी शटरला हात न लावता नुसती कडी फिरवायची. मला वाटले, पावसाळ्यात ढग क्षणाक्षणाला बदलतात, तेव्हा हेच बरे. माझ्या भिंगाच्या मापाचा एक मागवला. स्वस्तातला होता, हे आधीच सांगून टाकते.

रविवारी सकाळी अंकलगीच्या रस्त्याने निघालो. हे गाडी चालवायला, पुढे अव्वा, मागे मी आणि कॅमेऱ्याची पिशवी. दोन्ही बाजूंना सोयाबीन आणि मक्याची हिरवी रांग, मध्येच उसाची. रस्ताभर अव्वा कोणत्या गावात कोण दिले आहे ते सांगत होत्या.

फॉल्सला पोहोचण्याआधी तो ऐकू येतो. घटप्रभा वरून सपाट खडकावरून पसरून येते आणि १७१ फूट, म्हणजे ५२ मीटर, एका उडीत खाली घेते. कडा घोड्याच्या नालासारखा वळलेला. उन्हाळ्यात इथे दोन-चार बारीक धारा असतात आणि खडकच जास्त दिसतो. पण जुलै ते सप्टेंबर, वर हिडकल धरण भरून पाणी सोडले की सगळा नाल भरतो. काठाला गिरणी. १८८७ साली याच पाण्यावर इथे वीज तयार झाली, अशी नोंद आहे. जवळच चालुक्यकालीन महालिंगेश्वराचे देऊळ आणि दोन काठांना जोडणारा तो प्रसिद्ध झुलता पूल, सुमारे २०० मीटर लांबीचा. अव्वा लहानपणी अप्पांचा डबा घेऊन याच परिसरात धावत असत. त्या दिवशी पुलावर जाता येत नव्हते. अव्वांनी लांबूनच त्याला नमस्कार केल्यासारखे केले. आणि खरे सांगायचे तर माझ्या दृष्टीने ते बरेच झाले. हलणाऱ्या पुलावर तिकाटणे लावून एक सेकंदाचा फोटो निघत नाही.

आणि पाणी? लाल. विटकरी लाल. आजरा, गडहिंग्लज, चंदगडकडची माती घेऊन आलेले. आंबोलीला उगवलेली हिरण्यकेशी याच घटप्रभेला मिळते. त्यामुळे तिकडे पडलेला पाऊस इथे खाली कोसळताना आपण बघतो.

कठड्याच्या आत, सुरक्षित सपाट जागा बघून तिकाटणे लावले. भिंगातली थरथर कमी करणारी सोय बंद केली, कारण तिकाटण्यावर ती उलटी त्रास देते. आधी फिल्टर सर्वात उजळ ठेवून फोकस केला आणि मग फोकस हाताने करण्यावर टाकला. काच काळी केल्यावर कॅमेऱ्याला नीट दिसत नाही, तो चाचपडत बसतो. बटणाचा धक्का लागू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर. मागून उजेड शिरू नये म्हणून डोळा लावायच्या खिडकीवर रुमाल. मग कडी फिरवली आणि सव्वा सेकंदाचा पहिला फोटो काढला.

पडद्यावर बघितले आणि मीच खूश झाले. अगदी कॅलेंडर! पाणी रेशमासारखे, मऊ, पांढुरके. धावत अव्वांकडे गेले. "नोडरी अव्वा, कसा आलाय?"

अव्वांनी चष्मा वर करून बराच वेळ बघितले. "इदु नीरल्ल," त्या म्हणाल्या. "हालु. दूध हाय हे."

"छान नाही का?"

"छान हाय. पण इदु नम्म फॉल्स अल्ल."

मी म्हटले, "अप्पांच्या फोटोतही पाणी पांढरंच होतं की!"

"त्या फोटोत रंगच नव्हता, तो काय करील? तुझ्याकडं हाय ना रंग?" आणि थोडे थांबून म्हणाल्या, "हेच पाणी तम्मनच्या घरात आलं होतं. ते असं मऊ नव्हतं."

मी गप्प बसले. हे पाणी आले कुठून, गेले कुठे, कुणाच्या घरात शिरले, ते त्यांना माहीत होते. मला फक्त फोटो माहीत होता.

परत तिकाटण्याशी येऊन पहिल्यांदा नीट बघायला लागले. अव्वा म्हणत होत्या त्यात दोन गोष्टी होत्या. एक, पाण्याचा आकार गेला होता. दुसरी, रंग गेला होता. समोर विटकरी लाल आणि पडद्यावर जांभळट पांढुरके. शिवाय अगदी रुंद चौकट घेतली तेव्हा आकाशात एक धुरकट काळी फुली उमटली होती. फुली म्हणजे अगदी गणितातल्या गुणाकाराची!

हे का होते ते समजायला हा फिल्टर आतून कसा आहे ते पाहावे लागते. त्यात एकच काळी काच नसते, दोन पोलरायझर काचा एकावर एक असतात. प्रकाशाच्या लाटा सगळ्या दिशांनी थरथरत येतात. पहिली काच त्यातली एकच दिशा आत सोडते, खिडकीच्या उभ्या गजांमधून फक्त उभी फळी आत जावी तशी. इथेच निम्मा प्रकाश गेला. दुसऱ्या काचेचे गजही उभेच असतील तर उरलेला बहुतेक सगळा पार होतो. ते आडवे करत नेले की उजेड कमी होत जातो आणि काटकोनात जवळजवळ अंधार.

पण हा अंधार सारख्या पावलांनी येत नाही. सुरुवातीचे ६० अंश फिरवले तरी प्रकाश पावच होतो, म्हणजे दोन स्टॉप. आणि शेवटी, ८० अंशांपासून ८५ पर्यंत नुसते ५ अंश फिरवले की पुन्हा दोन स्टॉप जातात. म्हणून कडी शेवटाकडे नेली की केसभर हलली तरी फोटोचा उजेड बदलतो. कडीवरच्या खुणांवर विसंबू नये, दर वेळी एक चाचणी फोटो घ्यावा. त्याच शेवटच्या टोकाला स्वस्त काचा काही रंग जास्त, काही कमी गाळतात म्हणून झाक येते. आणि रुंद भिंगात कोपऱ्यांतला प्रकाश तिरका शिरतो, त्याच्यासाठी दोन काचांचा कोन निराळा पडतो, म्हणून ती फुली. उपाय सोपा आहे. टोकापर्यंत जाऊ नये आणि भिंग थोडे लांबवावे. चांगल्या फिल्टरला त्या टोकाआधी अडवणारा खटका असतो. माझ्याला नव्हता. खूपच काळा, दहा स्टॉपचा फिल्टर हवा असेल त्याने साधा, न फिरणारा एनडी घ्यावा. वेगवेगळ्या मापांची भिंगे असतील तर सगळ्यांत मोठ्या मापाचा एकच फिल्टर आणि बाकीच्यांना कडी, हे स्वस्त पडते.

मी कडी मागे घेतली. एक सेकंद, अर्धा सेकंद, पाव सेकंद. प्रत्येक वेळी फोटो मोठा करून पाहिला. अर्ध्या सेकंदाला पाण्यात बटा दिसायला लागल्या. पाव सेकंदाला तर एकेक लोट वेगळा, वरून सुटलेला, मध्ये फाटलेला आणि खाली आपटणारा. पाणी वाहते आहे हेही कळत होते आणि त्याला वजन आहे हेही. १/२५ सेकंदापासून पाव सेकंदापर्यंत यायला तीन स्टॉपसुद्धा लागत नाहीत. म्हणजे टोकाची गरजच नव्हती. मी उगाच कॅलेंडरच्या मागे लागले होते.

रंगासाठी पिशवीतली वही काढली. फिल्टर त्याच जागी ठेवून कोऱ्या पानाचा फोटो घेतला आणि हेच पांढरे, असे कॅमेऱ्याला सांगितले. व्हाइट बॅलन्स म्हणतात तो हा. कडी बरीच फिरवली तर झाकही बदलते, मग पान पुन्हा दाखवावे लागते. पुढच्या फोटोत पाणी लाल आले. दर दोन मिनिटांनी तुषारांनी काच भिजत होती. ह्यांना रुमाल घेऊन उभे केले होते, लग्नात पंखा घालायला माणूस उभा करतात तसे.

तेवढ्यात पाठीमागचे ढग फाटले, ऊन पडले आणि तुषारांत इंद्रधनुष्य उमटले. सगळीकडून ओरडा झाला. ऊन आले म्हणून मी कडी थोडी फिरवली. अव्वा माझ्या खांद्यावरून पडद्यात बघत होत्या. त्या एकदम म्हणाल्या, "अय्यो, कामनबिल्लु एल्लि होत?"

खरेच, पडद्यावरचे धनुष्य गेले होते. डोळ्यांनी बघावे तर समोर तसेच! कडी परत फिरवली तर आले. इंद्रधनुष्याचा प्रकाश मुळातच एका दिशेने थरथरणारा असतो. पुढची काच त्या दिशेला आडवी आली की तो तिथेच अडतो. ओल्या खडकावरची चकाकीही अशीच येते-जाते. म्हणून या फिल्टरची कडी फिरवताना नुसता उजेड मोजू नये, चित्रातून काय निघून गेले तेही बघावे. अव्वांनी स्वतः दोन-तीनदा कडी फिरवून धनुष्य घालवले आणि आणले. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईच्या चेहऱ्यावर असे हसू मी पुरानंतर पहिल्यांदा पाहिले.

मग मी म्हटले, "अव्वा, तुम्ही उभ्या राहा. अप्पा उभे होते तशा."

त्या कठड्याशी जाऊन उभ्या राहिल्या. इरकलचा पदर डोक्यावरून घेतला, हात सरळ खाली. पाव सेकंद माणसाने न हलता उभे राहणे अवघड नाही, पण श्वास घेतला तरी डोळे पुसट येतात. मी काही सांगायच्या आधीच त्या म्हणाल्या, "श्वास धरू ना? अप्पांना फोटोवाल्यानं श्वास धरायला सांगितलं होतं. ते घरी येऊन सगळ्यांना सांगत."

सात फोटो काढले. सहांत काही ना काही हलले. सातव्यात चेहरा स्वच्छ आहे. वाऱ्याने फक्त पदराचे टोक पुसट झाले आहे आणि मागे लाल पाणी लोटांनी कोसळते आहे. इंद्रधनुष्य नाही, ऊन तोवर गेले होते. पडदा त्यांच्यापुढे धरला. त्यांनी बघितले आणि एवढेच म्हणाल्या, "साकु. हेच."

परत येताना गोकाकात करदंट घेतले आणि मामांकडे गेलो. घर दुरुस्त झाले आहे, नवा रंग दिला आहे, पण हॉलच्या एका भिंतीवर मामांनी पाण्याची रेघ मुद्दाम ठेवली आहे. तारीख घातलेली, पेन्सिलीने.

पावसाळ्यात गोकाकला कॅमेरा घेऊन जाणाऱ्यांना एवढेच सांगेन. धरणातून पाणी सोडले आहे का ते आधी चौकशी करून जा. कठड्याच्या पलीकडे, शेवाळलेल्या खडकावर फोटोसाठी पाऊल टाकू नका. पाणी वाढायला फार वेळ लागत नाही. पुसायला दोन सुकी फडकी ठेवा. आणि बरोबर एखादे त्या गावचे म्हातारे माणूस असेल तर पहिला फोटो त्यांना दाखवा.

दिवाळीआधी फोटो मोठा करून, चौकटीत घालून मामांकडे नेला. मामांनी जुन्या फोटोचा खिळा होता तिथे हात नेला. अव्वांनी थांबवले. भिंतीवरची रेघ बघितली, स्टूल मागितले आणि म्हणाल्या, "तिथं नको. त्या रेघेच्या वर लाव. चांगला हातभर वर."

मामांनी नवा खिळा मारला.